बद्द

बाबा भुसावळच्या यार्डात चाकं ठोकायचे.
लांब दांड्याची हातोडी, कंदील
आणि उजवा कान.
धड चाक खणखणीत बोलतं,
तडा गेलेलं बद्द.
एकतीस वर्षं एवढंच शास्त्र.

रिटायर झाल्यावर हातोडी जमा करावी लागली.
कान राहिला.

मग त्यांनी बायबल उघडलं.
घरात होतंच, लग्नात मिळालेलं;
आई त्यात विम्याच्या पावत्या ठेवायची.
जुन्या हजेरीवहीत दोन रकाने आखले:
डावीकडे, आपण काय करतो.
उजवीकडे, ते कुठं लिहिलंय.

मे महिना, सत्तेचाळीस डिग्री,
कूलरमध्ये पाणी नाही,
बनियनवर बसून बाबा कॅथलिक धर्म ठोकत होते.

मिस्सातली भाकर. योहान, सहावा अध्याय.
खणखणीत.
पुन्हा ठोकलं. खणखणीत.
फादरपुढं पाप सांगणं.
शिष्यांना अधिकार दिलाय खरा,
पण जाळीची लाकडी पेटी कुठं दिसत नाही.
समोर लिहिलं: अर्धं वाजतं.
शुक्रवारचं मटण.
पेत्राला दिसलेली चादर वाचली, हसले,
आणि शुक्रवारी मटण आणलं नाहीच.

मरियेकडे विनवणी.
इथं पेन्सिल अडली.
कानाच्या लग्नात आईनं शब्द टाकला
आणि मुलानं ऐकलं, हे आहे.
मध्यस्थ एकच, असं तीमथ्याला लिहिलेलं, तेही आहे.

आई आत भरताची वांगी भाजत होती,
डाव्या हातात जपमाळ.
म्हणाली, बदलीचा अर्ज साहेबाला होता ना,
मग हेडक्लार्कला चहा का पाजत होतात?
बाबा म्हणाले,
आग्नेस, साहेबच दार उघडून म्हणाला असता,
सरळ आत ये, तर?
आईनं वांगं उलटं केलं.
सालीतून वाफ सुटल्याचा आवाज आला.
तो खणखणीत की बद्द,
बाबांनी सांगितलं नाही.

कॉलनीत बोभाटा झाला:
लाझरस त्रिभुवन फिरला.
नवापूरहून पास्टर हन्नोक गावीत आले,
केळ्याचे वेफर खात म्हणाले, या आता आमच्यात.
बाबा म्हणाले, बसा, तुमचंही ठोकू.
आमची त्र्याहत्तर पुस्तकं, तुमची सहासष्ट;
सात डबे कुठल्या स्टेशनात काढले,
आणि तसं करा असं कुठं लिहिलंय?
पास्टर पॅसेंजरनं परत गेले.
रविवारी बाबा नेहमीच्याच बाकावर.
मला वाटतं दोघांनाही ते नको होतं,
फादर बोनिफासना आणि पास्टरना:
घरातच राहून घर ठोकणारा माणूस.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.
दुपारी, झोपेत, कुणाला न सांगता.

वहीत एक ओळ आधीपासून होती:
शोधनस्थान. मेलेल्यांसाठी मिस्सा.
उजवीकडे बारीक अक्षर:
मक्काबी, मेलेल्यांसाठी प्रार्थना, आहे.
करिंथ, आगीतून निभावणं, आहे.
त्या जागेचं नाव, नाही.
मिस्साचे पैसे, नाही.
शेवटी निकाल लिहायचा तिथं कोरं.

तिसाव्या दिवसाआधी फादर बोनिफास आले.
दारातच उभे राहिले, चप्पल न काढता.
लाझरस, मिस्सा लावू का?
तुमचा विश्वास नसेल तर…

बाबा म्हणाले, लिहा.
पूर्ण नाव लिहा. आग्नेस लाझरस त्रिभुवन.
ती ज्याची त्याला वेळेवर पावती द्यायची.

वेदीवरून आईचं नाव घेतलं तेव्हा
बाबांनी बोटाच्या पेरानं बाक ठोकला.
एकदाच.
मान उजवीकडे कलली.
सगळ्यांनी गुडघे टेकले, ते तसेच, ऐकत.

परतताना पुलावर मी विचारलं,
कसं वाजलं?
खालून मालगाडी चालली होती,
डबे संपतच नव्हते.
संपल्यावर म्हणाले,
चालत्या गाडीचं चाक ठोकत नाहीत, बाई.
ती थांबेल तिथला माणूस ठोकेल.

घरी आल्यावर विम्याच्या पावत्या
त्यांनी पुन्हा बायबलात ठेवल्या.
कुठल्या पानात, ते मी अजून पाहिलं नाही.