उशिरा येणारी रेघ

रात्री अकरानंतर शिरोलीतली फौंड्री माझी.
मोल्डिंगवाले घरी गेलेले, वाळू अजून कोमट.
पिवळी दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा,
व्हॉल्व्हच्या पोटात इरिडियम सोडायचं
आणि पस्तीस पावलं मागं येऊन उभं राहायचं.
दिसत काही नाही. आवाज नाही.
खिशावरचा बॅज तेवढा मोजत असतो.

लेक माझी, रुकय्या, विद्यापीठात सूर्य शिकते.
परवा डबा घेऊन आली,
दोरीच्या अलीकडं पोत्यावर बसली, म्हणाली,
अब्बा, तुमचा गॅमा तिकडंही असतो.
डागांजवळ चुंबकाला पीळ पडत जातो,
पडत जातो, आणि एकदा तुटतो.
मग प्रोटॉन उधळतात, दावं तोडलेल्या खोंडांसारखे,
खाली आदळतात, केंद्रकं फोडतात,
न्यूट्रॉन सांडतात.

न्यूट्रॉनचं कसं,
त्याला चुंबक ओढत नाही, ढकलत नाही.
भटकतो, ठेचकाळतो, दमतो,
मिनिट दीड मिनिट.
मग कुठला तरी हायड्रोजन त्याला घरात घेतो
आणि घेताना एक किरण बाहेर पडतो.
दरवेळी तेवढाच.
दोन पूर्णांक दोन दोन तीन.

कागद दाखवला तिनं. आधी भडका.
भडका उतरायला लागल्यावर ही रेघ, वर चढत.

सतरा वर्षांचा मी कागलहून आलो होतो.
उद्यमनगरात तीन शेडांनी नाही म्हटलं,
चौथ्या दारात गनीमिस्त्री चहा पीत होते,
अर्धा बशीत ओतून त्यांनी माझ्यापुढं सरकवला.
हे मी तिला सांगितलं नाही.
विचारलं एवढंच : मग आपण जळत कसं नाही?
म्हणाली, हवा अडवते.
डोक्यावरची सगळी हवा तोलली
तर तीन फूट शिशाइतकी भरते.

तीन फूट!
आमच्या खोलीचं दार दोन इंचांचं,
त्याच्यासाठी मालकाशी दोन वर्षं भांडलो.

घंटा झाली. सोर्स आत घेतला.
टाकीतून फिल्म निथळत वर आली,
फ्लँजपाशी केसाएवढी भेग.
लाल पेन्सिलीनं गोल केला, बाद लिहिलं.
रुकय्या पोत्यावरच झोपली होती,
कागद छातीवर.

सकाळी हायवेवर ऊन आलं
तेव्हा बॅज काढून क्षणभर उन्हात धरला.
उगाच.
त्याचा आकडा तीन महिन्यांनी येतो.