एक जानेवारी

फोन म्हणाला, जागा उरली नाही.
आठवडाभर म्हणतच होता,
मी हूं हूं करत शिंपले सोलत राहिले.
मग मायेनचा पहिला दात पडला आणि फोटोच निघेना,
तेव्हा ओनोफ्रेने शाळेने टाकून दिलेला कॉम्प्युटर
माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर आणून मांडला.

फोनचं भोक सैल झालंय. खाऱ्या हातांत दुसरं काय व्हायचं.
वायर जराशी डावीकडे वाकवून
अंगठ्याने दाबून धरली, तरच जीव धरते.
सहा हजार दोनशे आठ फोटो.
आळीपाळीने धरायचं ठरलं,
नाडी बघतात तसं. बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही.
चुलीतलं ओलं लाकूड तेवढं सूं सूं करत होतं.

पडद्यावरून सरकत गेले
शिंपल्यांचे दोर, पावती, पावती,
होडीच्या मोटरीवरचा नंबर, दुकानदाराला दाखवायला काढलेला,
माझंच बोट,
कालामाच्या खाणीतून मुलगा पाठवतो ते ताट, रोजचं,
म्हणजे जेवलास का, हे आईने विचारायला नको.

कॉम्प्युटरने वर्षावर्षांची कपाटं केली.
सगळ्यात वरचं: १९७०.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

तेव्हा कुठे आठवलं, फोन बादलीत पडला होता.
चुलीजवळ वाळला, जागा झाला
आणि एक जानेवारी एकोणीसशे सत्तर म्हणू लागला.
इथे केम्चीत रेंज येते-जाते, घड्याळ कोण लावतो?
त्याच दिवसांत मायेन टेबल सोडून
आपल्या पायांवर उभी राहिली.
एकतीस फोटो. सगळे सत्तरातले.

सत्तरात सासरे बावीस वर्षांचे,
पाण्यात लाकडी खांब ठोकून हे घर उभं करत होते.
त्यांचा त्या वयातला एकही फोटो नाही,
खाडीच्या या काठाला कॅमेराच नव्हता.
आता त्यांच्या वर्षात त्यांची पणती उभी आहे,
अजून नसलेल्या जमिनीवर,
हात सोडून.

तारीख दुरुस्त करता येते, ओनोफ्रे म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे.
तो बघायला पुढे वाकला
आणि त्याचा अंगठा सुटला.
दोनशे अकरा बाकी.
पावत्याच असतील, तो म्हणाला, झोप आता.

मी खुर्ची ओढली,
वायर डावीकडे वाकवली.