सदुसष्ट जणांनी पाहिलं

होडी टेकायच्या आधीच
अपोंडी फोन पदराशी पुसते.
खवल्यांनी अंगठा इतका झिजलाय
की फोन तिला ओळखत नाही;
चार आकडे दाबून
स्वतःच्याच दुकानात शिरावं लागतं.

दुकान म्हणजे किसुमूच्या काठावर
एक निळी टोपली, तागडी,
आणि स्टेटस.

न्गेगे सात. डोळे बघा, अजून ओले आहेत.
ओमेना कालचीच आहे, खोटं कशाला बोलू.

फोटोत तिचा अंगठाही येतो.
मापाला बरा, म्हणून ती तो राहू देते.

सात वाजता सदुसष्ट जणांनी पाहिलं,
भवानी अजून व्हायचीय.
ती नावं वाचत जाते, उधारीच्या वहीसारखी.
नर्सबाई: दोन घेणार, पैसे महिनाअखेर.
शाळेचा ड्रायव्हर: नुसता पाहतो.
शेजारच्या टोपलीवरची अकुमू:
पाहिलं, आणि लगेच तिचा भाव
वीस शिलिंगांनी उतरला.
ओचोला, घरमालक. सगळ्यांच्या आधी.

मागच्या मंगळवारी अपोंडीनं हौसेनं लिहिलं होतं,
सगळं संपलं, देवाची कृपा!
दुपारी ओचोला दारात.
'सगळं संपलं म्हणे. मग भाडं?'

रात्री मुलानं शिकवलं
एकाच नावावर पडदा कसा टाकायचा.
एक टिचकी, म्हातारा आंधळा.
तिला हसू आलं, मग गाढ झोप.

तीन दिवस टोपली भरली, रिकामी झाली.
ओचोलाच्या फोनात तेवढं तळं आटलं.

चौथ्या दिवशी तो काठी टेकत आला,
बूट चिखलात,
भाड्याचं काढेचना.
'म्हटलं, आजारी पडलीस की काय.
डॉक्टरनं मला मासे बंद केलेत.
बघायला काही बंदी नाही.'

'फोन बिघडलाय,' ती म्हणाली,
आणि फोन तिच्या मुठीतच वाजला.
नर्सबाई होत्या. दोन ठेव म्हणत होत्या.
ओचोला तळ्याकडे बघत राहिला,
ऐकलंच नाही असं दाखवत.

पडदा तिनं त्याच संध्याकाळी काढला.
फक्त 'संपलं' हा शब्द
तिच्या दुकानातून कायमचा गेला.
आता रिकामी टोपली पालथी घालून
ती तिच्यावरच बसते,
पाय सैल सोडते,
आणि लिहिते:
थोडे उरलेत.