कापराचं वजन

कागोशिमाच्या आमच्या घरात तोमी आत्या
रोज सकाळी स्वतःलाच भात ठेवायची.
पूर्वजांच्या कोनाड्यात, काळ्या लाकडी पट्टीवर
सोनेरी अक्षरांत तिचं मरणोत्तर नाव:
एकोणीसशे सदतीस, तैवान, हिवताप.
आणि ती, जिवंत, गुडघ्यांवर बसून
वाफाळती वाटी पुढे सरकवायची, घंटी वाजवायची.
वडिलांनी एकदा विचारलं म्हणे,
आक्का, पट्टी उतरवून टाकू या का?
"राहू दे," ती म्हणाली,
"गेली ती चांगली बाई होती."

तिथलं काही विचारायचं नाही, हा घरचा नियम.

पंच्याऐंशीव्या वर्षी ती गेली
तेव्हा देवळातल्या भिक्षूची पंचाईत झाली:
एकाच बाईला दुसरं मरणोत्तर नाव कसं द्यायचं?
तो तिढा त्यांनी सोडवला.
कपाट माझ्या वाट्याला आलं.

तळच्या खणात तेलकट कागदात कापराचा खडा.
कीलुंग बंदराचा बिल्ला, सेहेचाळीस सालचा:
माणशी हजार येन, पाठीवर मावेल तेवढं सामान.
आणि कापूर खात्याची वजनवही.

नवरा निरीक्षक. नजर अधू,
म्हणून आकडे हिच्या हातचे.
डोंगरातले भट्टीवाले ओझी आणून ओळीत उभे,
काट्यावर पंचवीस किन.
बावीस लिही, तो सांगायचा. ती लिहायची.
पानंच्या पानं चोरी, सुबक, एकाही खाडाखोडीविना.
हे अक्षर मला पाठ होतं.
माझ्या शाळेच्या डब्यावर ह्याच अक्षरात
माझं नाव असायचं.

मग एका नोव्हेंबरात:
चिउ आ-तिन, भट्टी सातवी. पंचवीस.
पुढच्या आठवड्यात पंचवीस.
त्याच्या पुढच्या, सव्वीस.

एवढंच. प्रेमपत्र म्हणावं असा
दुसरा कागद मला सापडला नाही.

बाकीचं जुन्या पत्रांतून जुळवलं.
सरकारी वसाहतीतली साहेबाची बायको
एका रात्री भट्टीवाल्याच्या झोपडीत गेली
ती परतलीच नाही.
अब्रूसाठी नवऱ्यानं तिला हिवतापानं मारली,
माहेरी पत्र धाडलं, सोबत केसांची बट.
कुणाचे केस होते, देव जाणे.

वहीच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीनं
एका लहान पावलाभोवती फिरलेली रेघ.
खाली: मोई. चार वर्षं.
करंगळीपाशी रेघ हललीय. गुदगुल्या झाल्या असतील.

पुढच्या वसंतात मी म्याओलीच्या डोंगरात गेले.
भिंतीवर मोहरीचा पाला वाळत होता.
मोई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी,
पायांत पुरुषी गमबूट. तिचा मुलगा दुभाषा.
बापाला सैन्यानं हमाल म्हणून दक्षिणेच्या बेटांवर नेलं,
तो तिकडेच राहिला.
मग जपान्यांना घालवलं, त्यांत आई.
"पोर आमचं, असं आजी म्हणाली. कागदही तेच म्हणत होते.
आजी हेही म्हणायची,
त्या तीन-तीन किनांत
आमच्या दोन हिवाळ्यांचे तांदूळ गेले."
मी वही मिटली.

काहीतरी द्यावं म्हणून खडा पुढे केला:
तुमच्या वडिलांच्या भट्टीचा.
तिनं पन्नास वर्षं जपला.

मोईनं नखानं कण काढला, हुंगला
आणि हसली, पहिल्यांदाच.
"हा आमचा नव्हे. दुकानातला आहे, कारखान्यातला.
आणि कापूर पन्नास वर्षं टिकतो होय, बाई?
कागदात गुंडाळा नाहीतर पेटीत ठेवा,
दोन-चार वर्षांत उडून जातो."

मुलानं भाषांतर पुरं केलं.
खाली दरीत कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

मोईचं हसू मावळत गेलं.
ती बोटांवर काहीतरी मोजत होती,
पेरं संपली तशी पुन्हा अंगठ्यापासून.

मग उठली. आतून जुनी तागडी घेऊन आली,
दांडीवरची धूळ पदराविनाच, बाहीनं पुसली,
खडा पारड्यात ठेवला.
काटा बराच वेळ डुलत राहिला.

"लिही," ती म्हणाली,
आणि आकडा सांगायचा राहूनच गेला.