बालविभागातलं पुस्तक

काशिलिंगनं ते बालविभागात लावलं होतं,
ससा-कासवाच्या शेजारी.
चित्रं आहेत म्हणजे पोरांचंच, असा त्याचा हिशेब.
माझाही तोच. नातवासाठी म्हणून घेतलं,
पिशवीत टाकलं, वर कोथिंबिरीची जुडी.

नातू झोपला. मी उघडलं.
पहिल्याच पानावर कुठल्याशा लांबच्या देशातली बाई
मेलेल्या बापाच्या पायांत मोजे घालत होती.

वाचनाला मी तशी पटाईत.
दळण होईपर्यंत गिरणीत बसून
जाडजाड कादंबऱ्या संपवल्यात.
हे तर अर्ध्या तासात उरकलं.
शब्द होतेच किती? लग्नपत्रिकेत जास्त असतात.
फसवलं, म्हटलं मनात.

मग पोरगं पाणी प्यायला उठलं,
झोपेतच बोट ठेवलं एका चौकटीवर:
"आज्जी, ह्यांचं नख कुठाय?"

मी बघितलंच नव्हतं.

परत पहिल्यापासून. या वेळी शब्द सोडून दिले.
बाप दारात.
बाप दारातच, पण पिशवी खांद्यावर.
पुढच्या चौकटीत नुसतं दार.
आणि दोन चौकटींच्या मधे
करंगळीएवढी पांढरी पट्टी,
तिथं तिनं काहीच काढलं नव्हतं.

आमच्या विट्यात निम्म्या घरांचे बाप गलाईला.
कोइमतूर, जालंधर, कटक.
भूगोल आम्ही मनिऑर्डरीच्या शिक्क्यांवरून शिकलो.
आण्णा दिवाळीला यायचे.
बोटं पिवळी, ॲसिडनं खाल्लेली,
आणलेल्या पेढ्यांनाही तोच वास.
एक चौकट दिवाळी. पुढची चौकट दिवाळी.
मधे काही होत असेल
असं मला कधी वाटलं नाही.
डाव्या अंगठ्याला नख नव्हतं त्यांच्या.
विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

त्या बाईनं बापाला देखणा नाही काढला.
राग होता तिचा, रेघ कागदात रुतलेली.
कान काढताना तेवढा हात हळू झालेला.
एका अख्ख्या पानावर तो एकटाच,
परक्या गावात, स्टोव्हवर अंडं उकडतोय,
भिंतीला खिळा, खिळ्याला शर्ट.
शब्द एक नाही.
हिला कसं कळलं? ही तर तिथं नव्हती.

त्या पानावर मी किती वेळ होते कोण जाणे.
दूध उतू गेलं तेव्हा उठले.

पुस्तक परत करायला तीन आठवडे उशीर.
दंड घेता घेता काशिलिंग म्हणाला,
"पोराला लईच आवडलं वाटतं."
मग पान उलटलं त्यानं, दुसरं उलटलं,
आणि जरा थांबून, खालच्या आवाजात,
"काकू, हे मोठ्यांच्या कपाटात हलवू का?"

त्याचाही बाप कटकला होता, पंचवीस वर्षं.

असू दे तिथंच, म्हटलं,
ससा-कासवाच्या शेजारी.
मोठी माणसं फार भरभर वाचतात.