दोन बोटं

ब्लँकेटची पिन
दोन बोटं सरकली होती.
झऱ्यावर बाकी कुणाला दिसली नसेल,
मला दिसली.
हा-माफेकोच्या एकोणतीस घरांची मी आरोग्यसेविका,
मानधन नावापुरतं, बूट स्वतःचे.
कामच ते : बघायचं, आणि बोलायचं नाही.

आमच्याकडे किती दिवस गेले, विचारत नाहीत.
पोटाची बातमी फुटली की
कुणाची तरी नजर चुलीतल्या राखेवरून चालत येते, म्हणतात.
म्हणून बायका ब्लँकेट ओढून घेतात.
लेसोथोच्या डोंगरात थंडी असतेच,
निमित्त शोधावं लागत नाही.

आणि गंमत अशी की
नवरी दारात आली त्याच दिवशी
सासूनं तिचं नाव ठेवलं, माखाउहेलो,
खाउहेलोची आई.
दोन वर्षं अख्खं गाव तिला
नसलेल्या लेकराच्या नावानं हाक मारत होतं.
आता ते आहे,
तर कुणी नाव काढायचं नाही.

मी मीठ मागायला गेले.
मग सुई मागायला. मग सुई परत करायला.
चौथ्यांदा मागायला काहीच उरलं नव्हतं,
तर तिच्या सासूशी, मे पुलेनशी,
मेंढ्यांच्या खरजेबद्दल बोलत बसले.
गाभण मेंढी वेगळी बांधता ना, म्हटलं.
बांधते की, म्हणाली. पाय बघते, सूज आहे का.
आणि मग बराच वेळ
मक्याचे दाणे सोलत राहिली.

"माझी सातही घरातच झाली."
उरली किती, मी विचारलं नाही.
टेकडीमागचे छोटे दगड मलाही मोजता येतात,
त्यातला एक माझा आहे.

सोमवारी तिनंच घोडा काढला.

दवाखाना नदीपलीकडे.
इतक्या उशिरा? नर्स म्हणाली, सातवा संपत आला.
माखाउहेलो जमिनीकडे बघत राहिली.
बुकाना, म्हणजे आरोग्याची वही, कोरी करकरीत.
पहिल्या तीन रकान्यांवर नर्सनं तिरकी रेघ मारली,
हलक्या हातानं, रागावल्यासारखी नाही.
चौथ्यात वजन लिहिलं, रक्तदाब.
घोट्यावर अंगठा दाबून पाहिलं, खळगा राहतो का.
"मेंढीला बघतात तसंच," म्हातारी पुटपुटली.

तेव्हा नर्सनं लाकडी कर्णा तिच्याच हातात दिला.
ऐका.
ती वाकली. एक कान कर्ण्याला, दुसऱ्यावर तळवा.
रांगेत कुणीतरी खोकलं,
तर हात वर करून तिनं त्याला गप्प केलं.
काय ऐकलं ते सांगितलं नाही.

परतताना पाण्यातून
घोड्याच्या वरच्या अंगानं चालली,
जिकडून प्रवाह येतो तिकडून,
कमरेपर्यंत भिजत, लगाम धरून.
काठावर पोचल्यावर एवढंच :
खाणीतल्या लेकाला निरोप धाडायला हवा.
शेवटचे पंधरा दिवस दवाखान्याशेजारच्या खोलीत राहायचं,
तर पीठ लागेल, रॉकेल लागेल.

दुसऱ्या सकाळी झऱ्यावर
बादल्यांची रांग, सगळ्या जमलेल्या.
मे पुलेननं सुनेला थांबवलं.
सगळ्यांदेखत पिन काढली,
दातांत धरली,
ब्लँकेट सैल केलं,
आणि आणखी दोन बोटं सरकवून
पुन्हा टोचली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
तुझं मीठ संपलं असेल ना.