माका तवो आयकव

रविवारी बर्फाचा कारखाना बंद असतो.
म्हणजे मी सकाळी घरी,
आणि जुईली विचारते, "बाबा, आज गोड घावन?"
जणू मी 'होय' म्हणायलाच जन्मलोय.

सुरय तांदूळ रात्री भिजत घातले होते,
तेवढं जमतं.
मिक्सरात वाटले, मीठ घातलं,
बोट बुडवून पाहिलं. काही कळलं नाही.
सहा दिवस लाद्या ओढणारी बोटं
सातव्या दिवशी लगेच हुशार होत नाहीत.

बिडाचा तवा वृषालीच्या माहेरचा.
अर्धा कांदा काट्याला टोचून तेल फिरवलं.
पहिलं घावन ओतलं
आणि ते तव्यावरच राहायला गेलं.
उलथन्याने खरवडलं. तुकडे.
"हा श्रीलंका," जुईली म्हणाली,
"हा पोर्तुगाल, आणि हे कुठलं तरी बेट."
ते सगळे देश मी उभ्याउभ्या खाल्ले.
दुसऱ्याचंही तेच झालं.
तिसऱ्याआधी मस्कतला फोन लावला.

तिथे दीड तास मागे.
रात्रपाळी संपवून ती नुकतीच खोलीवर आलेली,
बूट न काढता खाटेवर बसलेली.
चेहरा आला, हलला, गोठला:
डोळे अर्धे मिटलेले,
तोंड काहीतरी म्हणायच्या बेतात.
वेंगुर्ला बंदरावर रेंज अशीच, वाऱ्याच्या मर्जीची.
त्या न हलणाऱ्या तोंडातून आवाज तेवढा आला,
"माका काय दिसणा नाय. ऱ्हवांदे.
माका तवो आयकव."

फोन तव्याशी धरला. वाटीभर ओतलं.
"दाट झाला पीठ. आवाज बसलो. पाणी घाल."
घातलं.
"अजून."
घातलं. ताकाहून पातळ.
मला वाटलं, आता ह्यात पीठ उरलंच नाही.
"आता कडेसून आत ये. गोल.
मधी थांबा नको. भिया नको."

ओतलं.
चर्र असं नाही झालं, तो शब्द पुस्तकातला.
लाट मागे सरते तेव्हा ओल्या वाळूवर
फेसाचे बुडबुडे फुटतात ना, सगळे एकदम,
तसं काहीतरी.
पलीकडे ती गप्प. मग म्हणाली,
"पडली जाळी."
वाकून पाहिलं. पडली होती.

लादी आतून तडकली असेल
तर आकडा टकटक वाजवून मला कळतं, फुटायच्या आधी.
लग्न ठरताना मी तिला हे सांगितलं होतं,
छाप पडावी म्हणून.
"त्यात काय मोठा?" ती म्हणाली होती.
तिच्या त्या वाक्याचा अर्थ मला
आज, तव्यासमोर, लागला.

"झाकण घाल आणि वीस मोज."
मी इथे मोजले, तिने तिथे.
माझे वीस आधी संपले,
तिचे समुद्र ओलांडून मागाहून आले.
कडा आपसूक सुटल्या होत्या.

शेजारच्या रुकय्याभाभींनी नारळ खवून दिला होता.
दूध काढलं, गूळ, वेलची,
रस पिवळसर, पुरेसा गोड.
जुईलीने घावनाची चौघडी घातली,
वर केळ्याच्या चकत्या,
आणि त्यावर चॉकलेटची पावडर,
आईच्या गेल्या पार्सलमधली.
"घावनावर हे घालत नाहीत," मी म्हणालो.
"घालूंदे तिका," फोन म्हणाला.

त्यानंतर ती काही बोलली नाही.
नुसता श्वास, लांब, सारखा.
बूट काढले होते की नाही कोण जाणे.
मी फोन बंद केला नाही,
डब्याला टेकवून ठेवला
आणि आणखी पाच घातली,
प्रत्येक वेळी कडेकडून आत,
एकही चिकटलं नाही.

तव्याला साबण लावायचा नसतो,
एवढं मला आधीपासून ठाऊक होतं.
कपड्याने पुसून पालथा ठेवला.
जुईलीने विचारलं, "आईसाठी एक ठेवू?"
"ठेव," मी म्हणालो.
दुपारी ते मीच खाल्लं,
गार, रसाशिवाय.